दर रविवारी येतो

तारीख अकरा, मंगळवार, दुपारचे तीन

चि. बाळ्यास आईचे अनेक आशीर्वाद.

पन्नाशी उलटलेल्या माणसाला बाळ्या लिहू नये हे मला कळतं. पाकिटावर तुझं पूर्ण नाव नीट घातलंय, आत काय लिहायचं ते माझं मी बघेन. मी बरी आहे. तू, सूनबाई बरे असाल. तुझ्या लेकीचा, आमच्या खारूताईचा, बुधवारी फोन येतो, तिला वसतिगृहातलं जेवण आवडत नाही म्हणे, पण आवाज चांगला गुबगुबीत येतो, म्हणजे जेवते आहे.

तर आधी धाप आली आणि मग साहेब आले. काल सकाळी दहाच्या सुमाराला जिन्यात कुणी असं धापा टाकत होतं की मला वाटलं, वर कुणाचं तरी कपाट चढवतायत. काठी घेऊन दार उघडते तर खालच्या वळणावर टक्कल पडलेले एक गृहस्थ कठड्याला धरून उभे. गळ्यात ओळखपत्र, काखेत फाइल. मागे एक चष्मेवाली बाई, चाळिशीची, हातात पाटीएवढा फोन. बाई खालूनच म्हणाल्या, "आजी, आम्ही निवृत्ती आणि अपंग भत्ता कार्यालयातून आलोय. तुमची फेरतपासणी आहे."

मी म्हटलं, "माझी मागून करा, आधी यांची करा."

ते गृहस्थ हसले आणि हसताना त्यांना आणखी धाप लागली. वर आले ते थेट खुर्चीवर. मी उभी, साहेब बसलेले, बाई त्यांना वारा घालतायत. कुणी पाहिलं असतं तर भत्ता त्यांनाच लागू केला असता. पाणी प्यायल्यावर म्हणाले, "चार महिने राहिलेत हो माझे. मग मीही तुमच्या रांगेत." मी म्हटलं, "या, या, जागा धरून ठेवते."

बाळ्या, किती दिवसांनी घरात कुणी हसलं ते मी लिहीत नाही.

तुला हे नियम ठाऊक नसतील म्हणून सांगते. तुझ्या वडिलांचं निवृत्तिवेतन माझ्या नावावर झालं ते वेगळं, त्याला कुणी हात लावत नाही. हा मदतनीस भत्ता, मी पडल्यापासूनचा. त्याच्यातून सकाळची ताई येते, मला अंघोळ घालते, आठवड्यातून एकदा हाताला धरून खाली उतरवते, बाकावर बसवते आणि परत चढवते. पूर्वी डॉक्टरांची चिठ्ठी खिडकीत दिली की झालं. आता दोन्ही कार्यालयं एक केली, खिडकीच बंद केली, आणि नवा नियम आला की घरी येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. रेडिओवर महिनाभर सांगतायत की खोट्या अपंगांना शोधून काढणार. ते ऐकलं की मी आपली काठी जवळ ओढून घेते, न जाणो, रेडिओतून दिसत असलं तर.

खालच्या शिंप्याचं तुला कळलं का? त्याचे दोन्ही पाय लहानपणापासून गेलेले, खिडकीशी बसून शिवतो, तू पाहिलंच आहेस. त्याच्याकडे तपासणीवाले आले, तो सुईत दोरा ओवत होता. लिहून गेले, काम करण्यास सक्षम. भत्ता बंद. सात महिने अर्ज करत होता बिचारा, मग परत सुरू झाला. मला म्हणतो, "आजी, तपासणीला येतील तेव्हा काहीच करू नका. पापणीसुद्धा सावकाश हलवा."

आणि खारूनेही फोनवर दहादा बजावलं होतं. फॉर्म तिनेच भरला ना, तिकडून, कॉम्प्युटरवर. म्हणाली, "आजी, मी खरं तेच लिहिलंय. तुझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, काठीशिवाय दहा पावलं चालवत नाही. तू फक्त नेहमी असतेस तशी बस. उठू नकोस, चहा करू नकोस." मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

पण माणसं घरात आली, बाळ्या. नुसती बसू कशी?

मी उठले. चहा ठेवला. आपल्या रोजच्या कपाचा कान तुटलाय, तो साहेबांपुढे कसा ठेवायचा, म्हणून वरच्या फळीवरचे फुलांचे कप काढायला गेले. डाव्या हातात काठी उलटी धरली, तिच्या मुठीत कपाचा कान अडकवला आणि एकेक करून खाली उतरवले. तीन कप. एकही फुटला नाही. मागे वळून पाहते तर टक्कलवाले साहेब तोंड उघडं ठेवून बघतायत आणि बाईंची बोटं त्या पाटीवर टकटक टकटक चाललीत. म्हटलं, गेला भत्ता फुलांच्या कपात.

मग बाईंना बसायला खुर्ची हवी. एकीवर साहेब, मी पलंगावर. दुसरी, खिडकीकडची, तुझी, तिच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. मी म्हणते आहे राहू द्या, मी काढते, तोवर त्यांनी स्वतःच उचलून खाली ठेवला. सगळ्यात तळाचा कागद खुर्चीला चिकटला होता. तो त्यांनी अलगद सोडवला, त्याच्यावरची तारीख वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि घडी करून बाकीच्यांवर ठेवला. दोन वर्षांपूर्वीचा होता. रद्दीवाला तीन मजले चढून येत नाही, दुसरं काय.

मग प्रश्न. माझं लग्न ठरलं तेव्हासुद्धा मला इतकं कुणी विचारलं नव्हतं. गुंड्या लावता येतात का, भाजी चिरता येते का, अंघोळीच्या टबात एकटीने पाय टाकता येतो का, तारीख कोणती, वार कोणता. प्रत्येकाला मार्क. आणि ही परीक्षा अशी की नापास झालं तर भत्ता, पास झालं तर काही नाही. आता मी पडले चौथीतून शाळा सुटलेली. सत्तर वर्षांत पहिल्यांदा कुणी माझी परीक्षा घेत होतं. मला नापास होववेना, बाळ्या. खारूची शपथ, मी ठरवत होते की आता चुकायचं, आणि तोंडातून बरोबर उत्तर निघत होतं. वजाबाकी विचारली, शंभरातून सात, परत सात, परत सात. मी पार दोनपर्यंत जाऊन पोचले. बाईंनी तिसऱ्यालाच पुरे म्हटलं होतं.

एक प्रश्न होता, उदास वाटतं का. कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी. मी विचारलं, "यात जास्त मार्क कशाला?" बाई म्हणाल्या, "आजी, तसं नसतं, खरं सांगायचं." मी म्हटलं, "आज नाही वाटत. आज तुम्ही आलात ना." त्यांनी काय लिहिलं मला दिसलं नाही.

मी त्यांना सोडतच नव्हते. एकेका प्रश्नाला एकेक गोष्ट सांगत बसले. टबाचं विचारलं तर तू लहानपणी टबात शाईची बाटली ओतलीस आणि तुझ्या वडिलांची पाठ आठवडाभर निळी होती ते सांगितलं. साहेबांच्या डोळ्यांतून हसून पाणी आलं. अर्ध्या तासाची तपासणी, दोन तास झाले. चहा दुसऱ्यांदा झाला. साहेब सांगत होते, तीस वर्षं लोकांच्या निवृत्तीच्या फायली हलवल्या आणि स्वतःची कुठल्या टेबलावर अडकलीय ते त्यांना कळत नाही. मी म्हटलं, "अर्ज करा, तुमच्याकडेच येईल."

आणि मग तो प्रश्न आला. लिहायचा कंटाळा आला म्हणून दोनदा पेन खाली ठेवलं होतं, आता लिहिते.

बाईंनी फॉर्म वाचायला घेतला. "जबाबदार नातेवाईक, मुलगा. दर रविवारी येतो. सकाळी दहा ते एक. औषधं, वाणसामान, घरातली दुरुस्ती बघतो." वाचून माझ्याकडे पाहत राहिल्या. "बरोबर आहे ना, आजी?"

खारू फोनवर कधीमधी म्हणते, "रविवारी बाबांना सर्दी होती का गं?" मी हूं म्हणते. मला वाटायचं, पोरीला काळजी नको म्हणून तू काहीतरी सांगून ठेवलं असशील. तू सांगितलेलं मी का मोडू? पण फोनवर हूं म्हणणं निराळं. सरकारी माणूस चष्म्यातून वाचून विचारतो, बरोबर आहे ना, ते निराळं.

मी नाही म्हटलं असतं तर फॉर्म खोटा. फॉर्म खोटा तर खाली सही कुणाची, आपल्या खारूची. आणि तुझ्या लेकीला कळणार की बाबा जात नाहीत. हे एक झालं. दुसरं लपवत नाही. आपलं म्हणून नियमित येणारं कुणी नसेल तर घरी भत्ता देत नाहीत, हा पण नवा नियम. मग सरकारी निवासात एक खाट देतात. ते बाईंनी आधीच समजावून सांगितलं होतं, फार चांगल्या शब्दांत, खाट खिडकीजवळची मिळते वगैरे.

मी म्हटलं, "हो, बरोबर आहे. दर रविवारी येतो."

एवढ्यावर थांबले असते तर. पण माझं तोंड तुला माहीत आहे. मी सांगत गेले. येतो, बल्ब बदलतो, माझी नखं कापतो, ही खिडकीची कडी त्यानेच बसवली, जेवून जातो, गवार असली की दोनदा घेतो. सांगता सांगता मला ते सगळं दिसायला लागलं. इतकं दिसायला लागलं की मी त्या खुर्चीकडे बोट केलं, "इथेच बसतो." आणि त्या खुर्चीवर त्या बाई बसलेल्या, पायाशी गठ्ठा.

त्यांनी खाली गठ्ठ्याकडे पाहिलं. मग साहेबच मोठ्या मनाने म्हणाले, "मग काय, सोपं आहे. नातेवाइकाची सही आमच्या समोर व्हावी लागते. त्यांना कचेरीत कशाला बोलवा, कामधंद्याचे दिवस बुडवा. आम्हीच येतो ना रविवारी. मी जवळच राहतो." बाई म्हणाल्या, "सर, रविवारी सुट्टी आहे." ते म्हणाले, "मला कुठे काय काम असतं रविवारी." आणि ठरलं. मी आणखी चहा घ्या म्हटलं. नको म्हणाले.

ते उतरले. मी दार लावून पलंगावर बसले ती बसलेच. फुलांचे कप धुवायचे राहिले.

दुपारी शिंप्याचा खालून फोन. म्हणाला, "आजी, ते दोघं माझ्याकडे चौकशी करून गेले. शेजाऱ्याला विचारायचं असतं म्हणे. वरच्या आजींचा मुलगा येतो का, विचारलं." मी विचारलं, "काय सांगितलंस?"

"काय सांगणार? येतो म्हटलं. दर रविवारी येतो."

मी म्हटलं, "माझ्यासाठी खोटं कशाला बोललास रे, तुझंच आत्ता कुठे सुरळीत झालंय."

तो म्हणाला, "खोटं? मी दर रविवारी बघतो त्यांना. खिडकीतून समोर तेच तर दिसतं. दहाच्या पुढे येतात, बस थांब्याच्या बाकावर बसतात, मांडीवर पिशवी. मला आधी वाटायचं तुमच्याकडून उतरून बसची वाट बघतायत. पण तीन तीन बस जातात आणि ते बसलेलेच. एकला उठतात. एकदा मी हात केला तर मान हलवली त्यांनी. तुम्हाला माहीत नाही?"

मी म्हटलं, "माहीत आहे रे. मी आपलं विचारलं."

माझ्या खिडक्या मागच्या बाजूला, बाळ्या. मला तिथून भिंत दिसते आणि पलीकडच्यांच्या दोऱ्या. मला काय ठाऊक.

काल दुपारपासून मी हेच करते आहे. मागचे रविवार आठवते. थंडीतला तो रविवार, दिवसभर पाऊस होता, तेव्हा पण बसला होतास का? थांब्याचं छप्पर गळतं, मागच्या महिन्यात मी ताईबरोबर तिथेच बसले होते, त्याच बाकावर. शनिवार होता. एक दिवस चुकलो आपण.

फोनवर हे सगळं बोलता आलं असतं म्हणशील. फोनवर तू विचारतोस, ठीक आहेस ना, मी म्हणते ठीक, तू म्हणतोस बरं, ठेवतो. अर्धं मिनिटसुद्धा होत नाही. कागदावर तू मला मध्ये तोडत नाहीस.

तेव्हा आता ते पण लिहून टाकते. दवाखान्यात मी तुला जे बोलले. तू त्या निवासाचा फॉर्म आणलास, बागेकडची खोली होती, रंगीत चित्रं होती, तू मला समजावत होतास की घरी तीन मजले आहेत, तुमच्याकडे दिवसभर कुणी नसतं. सगळं खरं होतं. आणि मी सगळ्या वॉर्डसमोर म्हटलं की सही करणारे मला पुष्कळ मिळतील, तू मुलगा म्हणून करू नकोस. परिचारिकेच्या हातातली वाटी तशीच राहिली. तू फॉर्मची घडी केलीस, खिशात घातलीस आणि म्हणालास, "बरं." मला घरी आणून सोडलंस, उशी नीट केलीस, ताईला सगळं समजावलंस, आणि गेलास.

त्याआधी बावीस दिवस तू माझ्या खाटेशेजारी बाकड्यावर काढले होतेस. तुझ्या साहेबांनी रजा दिली नव्हती, बिनपगारी घेतली होतीस. हे मला सूनबाईंनी नंतर सांगितलं. पण ते नंतर कळलं असं मी म्हणणार नाही. तुझी दाढी वाढलेली मला दिसत होती. मला तेव्हाच कळत होतं. तरी बोलले. मी घाबरले होते, बाळ्या. मला वाटलं, या कागदावर सही झाली की तू मला बघायला येशील, पण मला न्यायला कधी येणार नाहीस. घाबरलेल्या माणसाने ओरडायचं असतं तर डॉक्टरवर ओरडावं, ते मी तुझ्यावर ओरडले. माझी चूक. दोन वर्षं मी वाट बघितली की तू विसरशील. तू काही विसरणारातला नाहीस, माझ्यावर गेला आहेस.

भत्त्याचं मी सगळ्या बाजूंनी बघितलं. सकाळपासून बाईंना सांगायची तयारी करते आहे. खारूला कुणी काही बोलू नका, पोरीने ऐकलेलं लिहिलं. बाकी सगळं मी फुगवून सांगितलं, नखं, गवार, कडी. कडी सुताराने बसवली. हे मी सांगेन. मग त्यांनी मार्क कापले तर कापू देत, खाट दिली तर बघू.

पण येतो म्हटलं, तेवढं मी परत घेणार नाही. ते खरं निघालं. तू येतोस. तीन मजले तेवढे राहतात.

सही करायची की नाही ते तुझं तू ठरव, मी तोंडातून शब्द काढणार नाही. वाटलं तर त्या बागेकडच्या खोलीचा फॉर्म पण घेऊन ये. मी चष्मा लावून पूर्ण वाचेन, चित्रंसुद्धा बघेन. तुला जे बरं वाटेल ते मला आता फार वाईट वाटेल असं नाही. आणि मांडीवरच्या पिशवीत काय असतं, एवढं मात्र सांग. शिंपी म्हणतो, नेताना पण तेवढीच भरलेली असते.

वर्तमानपत्रं आज ताईकडून बांधून खाली पाठवली. तिच्याकडेच हे पत्र देते. पोस्टातल्या बाई म्हणतात, जादा तिकीट लावलं की दोन दिवसांत पोचतं, म्हणजे गुरुवारी, फार तर शुक्रवारी तुझ्या हातात पडावं. उत्तर लिहू नकोस, पोचायला वेळ नाही.

सूनबाईंना आशीर्वाद. खारूला यातलं काही कळवू नकोस, तिची परीक्षा आहे.

तू बाकावर बसलास तरी मी रागावणार नाही, पण मला तिथून दिसत नाही,

तुझी आई

ता. क. ती दोघं येत्या रविवारी येतो म्हणालीत. सोळा तारखेला, अकरा वाजता.